काळ्या रेघेची तार

ट्रक वजनकाट्यावर चढला, की काटेकोर आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी चाकांकडे, मग ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा चाकांकडे. मागचं एक चाक चार बोटं पट्टीबाहेर ठेवायचं, रिकाम्या गाडीच्या वेळी पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणायची आणि भरल्या गाडीच्या वेळी तीच सोडून द्यायची, असल्या सगळ्या विद्या त्यांना तोंडपाठ होत्या. बावीस वर्षं ते मालधक्क्याजवळच्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसत होते. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडलंच नाही. ड्रायव्हरांनी त्यांना काटेकोर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव अंगाला असं घट्ट बसलं की एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्या खऱ्या नावाने हाक आली, तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, "जा, तुमचा नंबर आला."

केबिनमधून बाहेर पडताना माणसं हत्यारं ठेवून येतात. काटेकोर संशय बरोबर घेऊन येत. औषधाची बाटली घेतली तर ती उजेडात धरून बघत. कोणी फुकट सल्ला दिला तर त्या माणसाचा त्यात काय फायदा, हे दोन दिवस शोधत. बायको म्हणायची, "आमचं लग्न ठरलं तेव्हा हे तीनदा घरी येऊन गेले. लोकांना वाटलं प्रेम आहे. हे बघायला यायचे की आधी दाखवलेली हीच का!"

काटेकोर यावर फक्त एवढंच म्हणत, "आणि निघालीस ना तीच? मग तक्रार कसली?"

अशा घरात लेकीला रेडिओचं पत्र आलं.

लेक बावीस वर्षांची. बापाचं नाक आणि आईची जीभ असा तिचा एकूण ऐवज. आवाज मात्र कोणाकडून आला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ती कोणाला न सांगता रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी देऊन आली होती. त्यांनी तिच्याकडून एक गोष्ट वाचून घेतली, ती येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता लागणार होती. पंधरा मिनिटं. आणि पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात असं होतं, की दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्रावर वर्षभराचं शिक्षण, राहण्याची सोय, आणि नंतर निवेदिकेची जागा. होकार सोमवारपर्यंत कळवावा.

काटेकोरांनी पत्र उजेडात धरलं. मग उलटं धरलं. शिक्क्यावर बोट फिरवलं.

"फुकट शिकवणार, राहायला देणार, वर नोकरी देणार. का?"

"माझा आवाज आवडला म्हणून, बाबा."

"कोणाला?"

"तिथल्या बाईंना. कार्यक्रम अधिकारी आहेत त्या."

"त्यांनी किती जणांना पत्र पाठवलंय?"

"मला काय माहीत!"

"बघ. हेच विचारायला हवं होतं."

लेकीने पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. ती चिडली की आवाज चढवत नसे, उतरवत असे, आणि ते जास्त वाईट होतं. "बाबा, मी तुम्हाला विचारून जाणार आहे. न विचारता जाता येतं मला, पण जाणार नाही. फक्त तुम्ही एकदा ऐका. नीट ऐका. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

"ऐकतो की. ऐकल्याशिवाय कसं सांगणार? आवाज चांगला असेल तर जा. नसेल तर तुझी आताची मुद्रणालयातली नोकरी काय वाईट आहे?"

झालं. रविवारच्या पंधरा मिनिटांवर सगळं येऊन ठेपलं.

आता ऐकायचं कशावर? घरात रेडिओ नव्हता. लेकीच्या फोनवर ऐकायला काटेकोर तयार नव्हते. "त्या एवढ्याशा भोकातून बाहेर पडलेल्या आवाजावर मी पोरीचं आयुष्य ठरवू?" राहिली गाडी. गाडी तिसऱ्या हाताची, पण इंजिनाला नावं ठेवायला जागा नव्हती, कारण काटेकोर दर रविवारी त्याचे कान पिळत. तिच्यातला स्टिरिओ मात्र वारला होता. त्याच्यावर बातम्या लावल्या तर तळणीचा आवाज येई आणि गाणी लावली तर काहीच येत नसे. तो बदलायचं तसं वर्षभर चाललं होतं. आता मुहूर्त लागला.

बायकोने कपाटातून आठ हजार काढून टेबलावर ठेवले. "याच्या वर एक छदाम मिळणार नाही. आणि याच्यातलं उरलं तर परत."

काटेकोर चार संध्याकाळी कागद घेऊन बसले. पडद्याचा स्टिरिओ हवा का? नको. गाडी चालवताना पडदा बघायचा कोणी? मागच्या सीटजवळ स्पीकर हवेत का? नकोत. मागे बसणारा फुकटात बसतो, त्याने पुढचं ऐकावं. खाली डबा ठेवून धडधड वाजणारा तो वूफर? त्याच्यावर त्यांनी इतक्या जोराने काट मारली की कागद फाटला. उरलं ते असं: साधा, बटणांचा स्टिरिओ, आणि जे वाचेल ते सगळं पुढच्या दोन दारांतल्या दोन स्पीकरमध्ये घालायचं. आवाज शेवटी तिथूनच बाहेर येतो. बेत शहाणपणाचा होता, हे मान्य करायला हवं. बिघडला तो पुढे.

स्टिरिओवाल्याचं दुकान टायरवाल्याच्या आणि काचवाल्याच्या मध्ये चेपून बसलेलं होतं. भिंतीवर स्पीकरच स्पीकर. दुकानदार चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, सतत हसणारा. हसणं हा काटेकोरांच्या लेखी पहिला पुरावा.

"या काका! काय बजेट आहे?"

"ते शेवटी सांगीन."

"बरं. मग ऐकता काय तुम्ही? गाणी? जोरात की हळू?"

"माणसाचं बोलणं. नीट."

दुकानदाराचं हसणं क्षणभर थांबलं. असं गिऱ्हाईक त्याला वर्षातून एक मिळत असेल. त्याने विचार करून एक साधा स्टिरिओ आणि मधल्या किमतीची स्पीकरची जोडी काढली. "बोलण्यासाठी हेच घ्या. याच्यापेक्षा महाग मी देऊ शकतो, पण तुम्हाला लागणार नाही."

महाग देऊ शकतो आणि देत नाही! काटेकोरांच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी पिशवीत हात घातला आणि घरून आणलेला स्प्रिंगचा ताणकाटा बाहेर काढला. आकड्याला एक स्पीकर टांगला, डोळे बारीक करून वाचलं. मग दुसरा टांगला.

"हा नऊ ग्रॅम हलका आहे."

"काका," दुकानदार म्हणाला, "स्पीकर ऐकायचेत, की रद्दीत घालायचेत?"

"जोडी म्हणता ना? जोडीत नऊ ग्रॅम कुठे गेले?"

"माझ्या बायकोत आणि माझ्यात बावीस किलोंचा फरक आहे. आमची पण जोडीच आहे."

टायरवाला पलीकडून खो खो हसला. काटेकोर हसले नाहीत. त्यांनी तीन खोकी उघडायला लावली, सहा स्पीकर तोलले आणि त्यातून एक ग्रॅमचाही फरक नसलेले दोन निवडले. दुकानदाराने कपाळ पुसलं. सगळं मिळून सात हजार आठशे झाले.

"गाडी ठेवून जा. दोन तासांत बसवून देतो. बसवायचे पैसे नकोत, तुमच्याकडून आज पुष्कळ करमणूक झाली."

गाडी ठेवून जा! म्हणजे दोन तास ती परक्याच्या हातात. आत काय काढतील, काय घालतील, बॅटरी बदलली तर कळणारसुद्धा नाही. आणि फुकट? "मी बसवीन," काटेकोर म्हणाले.

"जमेल?"

"बावीस वर्षं काट्याच्या तारा मीच जोडतोय."

दुकानदाराने खांदे उडवले. मग काउंटरवर वाकून, हसणं बाजूला ठेवून त्याने एक गोष्ट सांगितली. "स्पीकरला मागे दोन पट्ट्या आहेत. एक रुंद, एक बारकी. तार दुपदरी आहे. एक साधी, एकीवर काळी रेघ. काळ्या रेघेची तार बारक्या पट्टीला. दोन्ही दारांत तसंच. काका, बाकी काही चुकलं तरी चालेल, एवढं एकच विसरू नका."

काटेकोर घरी निघाले ते हे वाक्य चघळतच. एवढं एकच विसरू नका. काट्यावर येणारा जो ड्रायव्हर "साहेब, एवढं एकच बघून घ्या" म्हणतो, तो नेमकं दुसरीकडचं काहीतरी झाकत असतो. मग हा काय झाकतोय? आणि तारेला काय कळतं, आपल्या अंगावर रेघ आहे की नाही? घंटेच्या तारा उलट्या जोडल्या तरी घंटा वाजतेच. बल्बच्या जोडल्या तरी तो लागतोच.

शनिवारी दुपारी त्यांनी दारांची आतली आवरणं काढली. स्क्रू वाटीत मोजून ठेवले. उजव्या दारात त्यांनी दुकानदाराने सांगितलं तसंच केलं, काळ्या रेघेची तार बारक्या पट्टीला. मग ते डाव्या दाराशी येऊन उकिडवे बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती चमक आली जी फक्त टाकी रिकामी करून आलेला ट्रक पकडताना येत असे. डाव्या दारात त्यांनी मुद्दाम उलट जोडलं. काळी रेघ रुंद पट्टीला. एकीकडे त्याचं म्हणणं, एकीकडे त्याच्याविरुद्ध. आता बघू, कोण खरं बोलतंय.

बायको चहा घेऊन आली. "झालं का?"

"थांब. चोर सापडतोय."

त्यांनी बातम्या लावल्या. गाणी लावली नाहीत, कारण गाण्यात शंभर पापं झाकली जातात असं त्यांचं मत. उजव्या दाराला कान लावला. बातमीदार स्वच्छ बोलत होता. वळसा घालून डाव्या दाराला कान लावला. तोच बातमीदार, तितकाच स्वच्छ. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. सुतासारखा फरक नाही.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "म्हणे एवढं एकच विसरू नका! उलट लावलं काय, सुलट लावलं काय, काहीही फरक पडत नाही. उगाच हुशारी दाखवायची."

"तुम्ही नाही दाखवत ते," म्हणून बायको कप घेऊन आत गेली.

काटेकोरांनी आवरणं बसवली, स्क्रू मोजले, सगळे भरले. फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. गाडीत सीटवर बसून, दोन्ही दारांच्या मध्ये, साध्या माणसासारखं त्यांनी एकदाही ऐकलं नाही.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना तिघं गाडीत बसले. गाडी दारासमोरच उभी, काचा वर. काटेकोर चाकामागे, बायको शेजारी, लेक मागच्या सीटवर अगदी मधोमध, दोन्ही पुढच्या सीटांच्या फटीत डोकं घालून. तिच्या हातात होकाराचा कागद नव्हता, पण तो आत टेबलावर आहे हे तिघांनाही माहीत होतं.

घंटा झाली. निवेदकाने गोष्टीचं नाव सांगितलं, मग लेकीचं, आडनावासकट. आई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून वळून बसली.

आणि मग लेकीचा आवाज आला. म्हणजे, आला असं म्हणायचं. बुडखा नसलेला, पोकळ, पातळ. कुठून येतोय तेच कळेना. समोरून नाही, बाजूने नाही. जणू कोणी शेजारच्या घरात, बंद कपाटात बसून वाचतंय.

एक मिनिट गेलं. दोन गेली. गोष्टीत एक म्हातारा शिंपी होता, तो कोणासाठी तरी कोट शिवत होता, पण कोणासाठी ते ऐकूच येईना.

"आवाज जरा..." काटेकोर म्हणाले आणि थांबले.

त्यांनी आरशात बघितलं. लेक आपल्याच आवाजाकडे असं बघत होती, जसं कोणी आपला वाईट फोटो बघतं.

"असाच आहे का माझा?" ती हळूच म्हणाली. "मला तिथे कानाला लावायला दिलं होतं, तेव्हा असा नव्हता वाटला."

"गाडीच पोकळ आहे तुमची," बायको काटेकोरांना म्हणाली.

काटेकोरांचा संशय खडबडून उठला. पहिला रेडिओवर. केंद्रानेच पाणी घातलं असणार. पण निवेदकही तसाच पोकळ आला होता की! म्हणजे स्टिरिओ. म्हणजे तो हसरा दुकानदार. वजन बरोबर भरलं म्हणून काय झालं, आत भुसा भरला असेल. ते झपकन वाकले आणि बायकोच्या मांडीवरून आडवे होत डाव्या दाराला कान लावला.

"अहो!"

"थांब."

दारातून लेक बोलत होती. स्वच्छ, भरलेली, अगदी कानाशी बसून. काटेकोर परतले आणि उजव्या दाराला कान लावला. तिथेही तीच, तितकीच भरलेली. ते सीटवर मध्ये आले. लेक गायब.

दोन्हीकडे आहे आणि मध्ये नाही.

काट्यावरच्या माणसाला हे समजायला कितीसा वेळ लागतो? एका पारड्यात दहा किलो, दुसऱ्या पारड्यात दहा किलो, आणि काटा शून्यावर. दोघांत वजन आहे, पण एकमेकांना खाऊन टाकलंय. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतोय. दोन्ही दारांत तसंच, म्हणाला होता तो. दोन्ही दारांत.

घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. काटेकोरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. डाव्या दारातली तार कशी जोडलीय, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. दुकानदाराचं नाव घेतलं असतं तर बायकोने विश्वास ठेवला असता, लेकीने ठेवला असता, टायरवाल्यानेसुद्धा ठेवला असता. आणि काही न बोलता नुसतं बसून राहिलं असतं, तर आणखी नऊ मिनिटांत गोष्ट संपली असती. पोरीने स्वतःच सोमवारी नकार कळवला असता. ती मुद्रणालयात राहिली असती, घरी राहिली असती, संध्याकाळी सातला चपला वाजवत आली असती.

ते एक क्षणभर तसेच बसले. क्षण जरा लांबलाच.

मग त्यांनी बटण दाबून आवाज सगळाच्या सगळा उजव्या दाराकडे वळवला. डावा स्पीकर गप्प झाला, आणि गाडीत लेक आली.

"...तेव्हा शिंप्याने कातर खाली ठेवली," ती म्हणत होती, "आणि पहिल्यांदाच विचारलं, हा कोट घालणार कोण आहे?" आणि त्यानंतर ती थांबली. रेडिओत थांबली. इतका वेळ थांबली की बायकोने श्वास रोखला, आणि मग पुढचं वाक्य असं ठेवलं, जसं झोपलेल्या लेकराजवळ कोणी पाण्याचा तांब्या ठेवावा.

मागच्या सीटवरची लेक सरळ बसली. "हा माझा आहे," ती म्हणाली.

"तुझाच आहे," काटेकोर समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "मघाशी पण तुझाच होता. डाव्या दारातली तार मी उलटी जोडली. मुद्दाम. तो सांगत होता एकसारखं जोडा. मला वाटलं, फसवतोय."

गाडीत फक्त शिंपी बोलत होता.

"काय म्हणालात?" बायको म्हणाली. "परत म्हणा. मी लग्न झाल्यापासून वाट बघतेय."

"गप्प बस. ऐकू दे."

उरलेली नऊ मिनिटं त्यांनी ऐकलं. कोट कोणासाठी होता ते कळलं, आणि ते कळल्यावर बायकोने पदराने डोळे पुसले आणि काटेकोरांनी गाडीची काच, जी स्वच्छच होती, बाहीने पुसली. निवेदकाने पुन्हा एकदा नाव घेतलं. पुढचा कार्यक्रम सुरू झाला तसं त्यांनी स्टिरिओ बंद केला.

"जा," ते म्हणाले.

लेक हलली नाही. "कुठे? घरात?"

"तिकडे. शिकायला. हो कळव उद्या."

लेकीने फटीतून डोकं पुढे काढलं आणि बापाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे.

"तार उलटी जोडल्याची लाज वाटली म्हणून हो म्हणताय का?"

"नाही गं."

"मग उद्या सकाळी म्हणाल, रात्रभर विचार केला, राहू दे."

"नाही म्हणणार."

"तिथे येऊन वॉर्डनबाईंची चौकशी कराल."

"ती करणारच. ते वेगळं."

लेकीने मागच्या खिशातून पेन काढलं, शेजारी सीटवर पडलेल्या स्टिरिओच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि ते पेनासकट फटीतून पुढे केलं.

"लिहून द्या, बाबा. तारीख घाला. आणि आई, अक्षर त्यांचंच आहे ना, ते तू नीट बघ."